पास्ता टाक, निघालोच

मंगळवार, ८ नोव्हेंबर

साखर कारखान्यात बॉयलरवर होतो तेव्हा प्रत्येक पाळी संपताना नोंद लिहावी लागायची. दाब किती, पाणी किती, काय बिघडलं आणि कोणी बिघडवलं. निवृत्त झालो तेव्हा एक कोरी वही घरी आणली होती, ती आज खालच्या तळघरात सापडली. घरात बोलायला कोणी नाही, तेव्हा लिहितो.

आर्जिया शुक्रवारी सकाळी समुद्रकाठच्या चेर्वियाला गेली, बहिणीकडे. नोरीनाचा गुडघा दुखावलाय. मी उठलो तेव्हा बॅग भरून दारात उभी होती. किती दिवस, ते बोलली नाही, पण गुडघ्याला असे किती दिवस लागणार. मी म्हटलं, जा. मी काही अडवणारा नवरा नाही.

तेव्हापासून ब्रेड आणि मोर्तादेल्ला, डुकराच्या मांसाचे ते थंड काप. काल अंडं तळायला घेतलं, ते तव्याला चिकटलं. ज्या माणसाने उभ्या कारखान्याला वाफ पुरवली त्याला अंडं तळता येऊ नये, म्हणजे दोष तव्याचाच असणार.

जाण्याच्या आदल्या संध्याकाळची गोष्टही लिहून ठेवतो, नाहीतर पुढे कोणी तरी तिखटमीठ लावून सांगेल. गुरुवारी या हंगामातलं पहिलं दाट धुकं पडलं होतं. बारमधून मी नेहमीसारखा घरी फोन केला, ‘पास्ता टाक, निघालोच’. हातातला एक डाव राहिला होता तो संपवला आणि आलो. सॉसेजची ग्रामीन्या होती, माझी आवडती. ग्रामीन्या म्हणजे हरळी. तसा बारीक, वळलेला पास्ता, दातांना जरा लागला तरच त्यात मजा. आणि समोर आला तो लगदा. मी ताट सरकवलं आणि म्हणालो, चाळीस वर्षांत एवढंही जमू नये? एवढंच. आवाजसुद्धा चढवला नाही. तिनं ताट उचललं, कचऱ्यात रिकामं केलं आणि भांडी घासली. म्हणजे विषय तिथेच संपला.

बुधवार, ९ नोव्हेंबर

चेर्वियाला फोन लावला. नोरीनाने उचलला. जिना चढून आली असावी, धापा टाकत होती आणि मागे रेडिओवर नाचाची गाणी चालू होती. गुडघ्याला व्यायाम सांगितला असेल.

आर्जिया आली. मी विचारलं, “कशी आहेस?”

“बरी आहे. समुद्रावर फिरून आले.”

“आणि गुडघा?”

“कोणाचा?” मग म्हणाली, “हां. तो आहे तसाच.”

मी म्हटलं, “मला ग्रामीन्या खावीशी वाटतेय.”

“मग कर.”

“मी?”

“नाहीतर कोण, महापौर येऊन करणार? कांदा घे, बारीक चीर. सॉसेज देल्माकडून आण. फोन ठेवते, बाहेर जायचंय.”

बाहेर कुठे, ते विचारायचं राहिलं. त्यानंतर घरात उगाच इकडून तिकडे हिंडलो. रेडिओ लावला, बंद केला, परत लावला.

गुरुवार, १० नोव्हेंबर

देल्माचं मांसाचं दुकान चौकातच आहे. बापाच्या मागे तिनेच ते सांभाळलं. सुरीपेक्षा तिची जीभ जास्त चालते. रांगेत चार बायका होत्या. मी सॉसेज मागितल्यावर चौघी माझ्याकडे वळल्या.

“कशासाठी?” देल्माने विचारलं.

“खाण्यासाठी.”

“ते कळलं. करणार कोण?”

“मी.”

तिने सॉसेज कागदात बांधलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “आर्जियाला सांग, देल्माने आठवण काढली. आणि सांग, सावकाश ये म्हणावं. समुद्राची हवा चांगली असते.”

घरी येऊन कांदा चिरला, सॉसेज अख्खंच पातेल्यात टाकलं, टोमॅटोच्या गराची बाटली ओतली. या बाटल्या आर्जिया ऑगस्टमध्ये भरते, तळघरात रांग लागलेली असते. सॉसेज मध्येच फुटलं आणि चरबीचा फवारा भिंतीवर गेला. पास्ता शिजल्यावर गार पाण्याखाली धरला, कारण गरम काही असलं की आधी ते थंड करायचं, ही माझी सवय. मग सगळं एकत्र केलं. पास्ता एकीकडे, रस दुसरीकडे. एका घरात राहून एकमेकांशी न बोलणाऱ्या जावांसारखे.

खाल्लं. उपाशी झोपायची माझी पद्धत नाही.

शनिवार, १२ नोव्हेंबर

कातिया मोदेनाहून आली होती. आमची एकुलती एक मुलगी, दवाखान्यात नर्स आहे. येताना सूप घेऊन आली, ते फ्रिजमध्ये ठेवलं आणि स्वयंपाकघरातली भिंत बघून हसली.

“बाबा, हे काय, डुक्कर इथेच कापलंत का?”

मी तिला ग्रामीन्याची सगळी हकीकत सांगितली. ती म्हणाली, “सॉसेजची साल काढायची असते. हाताने कुस्करून टाकायचं असतं. आणि पास्ता धुवायचा नसतो, तो काय पायमोजा आहे?” मग खुर्ची ओढून बसली. “बाबा, आईला विचारलंत का, ती कधी येणार?”

“मावशीचा गुडघा बरा झाला की येईल.”

“नोरीनामावशी गेल्या शनिवारी नाचायला गेली होती. आईला घेऊन.”

“मग गुडघा सुधारला म्हणायचं,” मी म्हणालो. मला खरंच बरं वाटलं. आता या आठवड्यात येईलच.

कातियाने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. लहान मुलाला ताप किती आहे ते बघावं तसं. मग कोट घातला आणि जाताना म्हणाली, “तुम्ही स्वयंपाक शिकताय ते चांगलं आहे. शिका.”

सोमवार, १४ नोव्हेंबर

आज भिंत पुसताना लक्षात आलं. लाटणं नाही.

दाराशेजारच्या खिळ्यावर ते लटकायचं. हातभर नव्हे, चांगलं काठीएवढं लांब लाटणं, आर्जियाच्या आजीचं. रविवारी त्याने ती अंड्याचा पास्ता लाटते. लग्न होऊन आली तेव्हा एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात हे होतं; माझी आई म्हणाली होती, सून नाही, शिपाई आलाय.

बहुतेक नोरीनाकडे लाटणं नसेल.

पण नोरीना त्याच आजीची नात. तिच्या घरी लाटणं नसेल असं कसं होईल? तीन वेळा कपाटं उघडून पाहिली. खिळा मात्र जागच्या जागी आहे. आज जेवलो नाही नीट.

बुधवार, १६ नोव्हेंबर

जमलं.

आधी सॉसेजची साल काढली, हाताने कुस्करलं, मंद आचेवर कांद्याबरोबर ठेवलं. त्याचं पाणी आटून ते परतून लालसर व्हायला लागलं तेव्हा वास आला, तोच वास, जिन्यात यायचा तो. त्यावर थोडी पांढरी वाईन, मग टोमॅटोचा गर, अगदी थोडा, रंगापुरता. झाकण. पाणी वेगळं मोठ्या पातेल्यात. पाणी कसं उकळतं हे मला कोणी शिकवायला नको. मीठ उकळल्यावरच. पास्ता निथळायच्या आधी एक दाणा खाऊन पाहिला, दाताला लागला, आणि निथळून सरळ रसात टाकला, धुतला नाही. वरून किसलेलं चीज.

ताट भरून टेबलावर ठेवलं आणि समोरच्या खुर्चीकडे पाहिलं. कोणाला तरी सांगावंसं वाटत होतं. उभा राहूनच खाल्लं, बसवेना.

नंतर चेर्वियाला फोन केला. “आर्जिया, जमलं.”

“आच मंद ठेवलीस?”

“ठेवली.”

“बरं, चांगलं झालं.” एवढं एकच वाक्य, पण ते ऐकायला मी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला होता.

“लाटणं नेलंस का?”

“माझं आहे ते.”

“तुझंच आहे. मी फक्त विचारलं.”

“विचारलंस, कळलं,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

शुक्रवार, १८ नोव्हेंबर

असा माणूस मी जन्मात पाहिला नाही.

काल बारमध्ये दुइलियोला सांगितलं होतं, उद्या संध्याकाळी माझ्याकडे ये, ग्रामीन्या करतो. दुइलियो माझा पत्त्यांचा जोडीदार, कारखान्यातही बरोबर होता. तो म्हणाला, “मी निघताना फोन करतो, तू टाक.” आज मी दुपारपासून लागलो होतो. टेबलावर कापड अंथरलं, धुतलेले पेले परत धुतले. रस असा झाला होता की खुद्द आर्जियानेही नावं ठेवली नसती.

संध्याकाळी फोन आला. “एर्मेस, टाक पास्ता, निघालोच.”

मी टाकला. बार ते माझं घर म्हणजे चौक ओलांडायचा, बस. पास्ता शिजला. दुइलियो नाही. गॅस बंद केला. दुइलियो नाही. निथळून रसात टाकला, हलवत राहिलो, थोडं गरम पाणी घातलं, झाकलं, उघडलं, परत झाकलं. जिन्यात पाय वाजले की दार उघडायचो, आणि ते पाय वरच्या मजल्यावर जायचे. पास्ता फुगत चालला. माझ्या डोळ्यांसमोर, माझ्या हातून तो लगदा होत होता आणि मला काही करता येत नव्हतं. बॉयलरचा दाब वाढला तर झडप उघडता येते. इथे काय उघडायचं?

शेवटी आला. हसत. “अरे, डाव असा लागला होता की उठवेना.” बसला, एक घास घेतला आणि म्हणाला, “एर्मेस, थोडा जास्त शिजलाय.”

मी त्याच्या पुढ्यातलं ताट उचललं आणि त्याला घरी जायला सांगितलं. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. मी त्याची टोपी त्याच्या हातात दिली.

माणसाने फोन करून सांगावं, निघालो, आणि निघू नये! दुसरा माणूस चुलीपाशी उभा आहे, आपल्यासाठी उभा आहे, एवढं ज्याच्या डोक्यात येत नाही त्याला माणूस म्हणायचं का? पास्ता कोणासाठी थांबत नाही, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. आणि वर नावं ठेवायची! ज्याचे हात भाजले त्यालाच! चाळीस वर्षांची मैत्री गेली खड्ड्यात. मला त्याचं तोंडही बघायचं नाही.

शनिवार, १९ नोव्हेंबर

बारमध्ये गेलो. न जाऊन करतो काय, घर खायला उठतं. दुइलियो कोपऱ्यात बसला होता. मी दुसऱ्या टेबलावर बसलो. तोच उठून आला.

“अजून फुगलेलाच आहेस? ग्रामीन्यासारखा?”

मी म्हटलं, “फोन करून न येणं म्हणजे नीचपणा आहे.”

त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग मागे, बारवाल्याकडे. दोघे हसायला लागले. वाईट नव्हे, पण हसायला लागले.

“एर्मेस, त्या फोनपाशी उभा राहून, ‘पास्ता टाक, निघालोच’, असं सांगून परत येऊन पत्ते कोण पिसायचं रे? मी? रोज? आम्ही पैजा लावायचो, अजून एक डाव खेळतो की दोन.”

“माझी गोष्ट वेगळी.”

“हो, आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कारटं.”

“वेगळी नाहीतर काय! माझा पास्ता कधी बिघडला नाही. त्या एका गुरुवारचा सोडला तर कधीही नाही. मी कितीही वाजता गेलो तरी ताट वाफाळतं आणि पास्ता दाताला लागणारा. विचार आर्जियाला.”

“तू विचार,” दुइलियो म्हणाला.

कॉफी तशीच टाकून आलो. येताना चौकात दोन फेऱ्या मारल्या. काही तरी हिशेब लागत नाहीये. पास्ता शिजायला लागणारा वेळ ठरलेला. मी घरी पोचायचा वेळ कधीच ठरलेला नाही. तरी ताट नेहमी बरोबर. चाळीस वर्षं मी समजत होतो की आर्जियाचा हात चांगला आहे. पण हात चांगला असला तरी पास्ता पातेल्यात थांबत नाही. हे मला कालच कळलं आहे.

रविवार, २० नोव्हेंबर

आज फोन लागेपर्यंत धीर नव्हता. आर्जियानेच उचलला.

मी सरळ विचारलं, “मी बारमधून फोन केला की तू पास्ता लगेच टाकायचीस का?”

मला वाटलं फोन कटला.

“आर्जिया?”

“सुरुवातीला टाकायचे,” ती म्हणाली. “कातिया लहान होती तोवर. टाकायचे, फेकून द्यायचे, परत दुसरा टाकायचे. मग सोडून दिलं.”

“मग?”

“मग खिडकीत उभी राहायचे. तुझा फोन आला की पाणी उकळतं ठेवायचं आणि खिडकीत यायचं. औषधाच्या दुकानाच्या कोपऱ्यावर तू दिसलास, त्या हिरव्या दिव्याखाली, की टाकायचं. तू जिना चढतोस, बूट काढतोस, हात धुतोस, पेपर चाळतोस. तेवढ्यात होतं.”

“रोज?”

“जेवायचास ना रोज?”

मी म्हणालो, “काय नेमका हिशेब बसवलास, आर्जिया! कारखान्यातल्या इंजिनियरला जमला नसता.” मला खरंच तसं वाटलं, म्हणून बोललो.

पलीकडून हसल्यासारखा आवाज आला. हसली की काय, नक्की सांगता येत नाही. म्हणाली, “हो. छान होता हिशेब.” आणि नोरीना हाक मारतेय म्हणून गेली.

सोमवार, २१ नोव्हेंबर

संध्याकाळी परत दाट धुकं पडलं. स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी उभा राहिलो. काचेतून गारठा आत येतो, पावलांपाशी तर जास्तच. हे मला माहीत नव्हतं. खिडकीच्या कट्ट्यावर एका जागी रंग उडालाय, कोपर टेकतं तिथे.

कोपरा दिसत नाही. हिरवा दिवासुद्धा नाही. नुसतं पांढरं.

त्या गुरुवारी धुकं होतं.

बुधवार, २३ नोव्हेंबर

दोन दिवस काही सुचत नाही. काल देल्माच्या दुकानात गेलो आणि काय घ्यायचं तेच विसरलो. ती कधी नव्हे ते हळू आवाजात म्हणाली, “एर्मेस, ती गेलीय. गुडघा-बिडघा काही नाही. तुला कोणी सांगत नाही म्हणून मी सांगते.”

मी म्हटलं, “मला माहीत आहे.” माहीत नव्हतं. किंवा होतं, त्या लाटण्यापासून होतं. तिने विचारलं, “मग करणार काय आहेस?” मी सॉसेज मागितलं. दुसरं काय मागणार होतो तिच्याकडे?

आज आर्जियाचा फोन आला. तिने स्वतःहून केलेला पहिला.

“शनिवारी येतेय. हिवाळी कपडे न्यायचेत. संध्याकाळच्या बोलोन्याच्या गाडीने.”

न्यायचेत, असं म्हणाली. मी म्हटलं, “स्टेशनवर येतो.”

“स्टेशनवर येऊ नकोस. पाणी ठेव.”

एवढंच. मला बरंच बोलायचं होतं, म्हणून दुपारभर मनाशी वाक्यं जुळवत बसलो होतो. त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही. मी विचारलं, “मीठ संपत आलंय, चेर्वियाचं घेऊन येशील का?” ती म्हणाली, “बघते.” मी महामूर्ख आहे.

शनिवार, २६ नोव्हेंबर

पाणी ठेवलं आहे. रस तयार आहे. वही स्वयंपाकघरातच घेऊन बसलोय, कारण हाताला काही काम दिलं नाही तर तो पास्त्याच्या डब्याकडे जातो.

धुकं आहे, सकाळपासून. गाडीची वेळ होऊन गेली. स्टेशनला फोन केला, ते म्हणाले सगळ्याच गाड्या उशिरा आहेत, कुठली कधी येईल सांगता येत नाही.

खिडकीतून काही दिसत नाही. दिसलं असतं तर सोपं होतं.

पाणी अर्धं आटलं, नवीन घातलं, परत उकळी आणली. मनात येतं, टाकून द्यावा. आता येईलच ती, आल्या आल्या ताट समोर ठेवता येईल, तिला बघून बरं वाटेल. दोनदा डबा उचलला. ती नाही आली तर? ती बोलोन्यालाच उतरून परत गेली असेल तर? तर पास्ता डब्यात राहील, लगदा तरी होणार नाही.

तिसऱ्यांदा पाणी घातलं. आता खोलीत इतकी वाफ झालीय की आतूनही धुकंच. भूक मेली. पाय दुखताहेत. बसून पाहिलं, बसवत नाही.

बेल.

नंतर. ती झोपली आहे, कातियाच्या खोलीत. लिहून ठेवतो.

आर्जिया आत आली ती कोट न काढता सरळ स्वयंपाकघरात. केस ओले झाले होते. हातात फक्त एक छोटी बॅग, लाटणं नव्हतं. तिने आधी पातेल्यात डोकावून पाहिलं.

“टाकला नाहीस?”

“नाही.”

“किती वेळ उकळतंय?”

“थोडा वेळ झाला.”

ती खिडकीपाशी गेली, हाताने काच पुसली आणि बाहेर पाहिलं. तिची कोपरं बरोबर त्या रंग उडालेल्या जागी टेकली. “दिसत नाही ना?” तिने विचारलं.

“नाही दिसत.”

“मग रे?”

“मग काय. थांबलो.”

ती माझ्याकडे पाठ करूनच उभी होती. मी काही बोललो नाही, मला भीती वाटत होती की बोललो तर परत मिठाबद्दल बोलेन. मग ती टेबलाशी येऊन बसली, कोट अंगात तसाच, आणि म्हणाली, “टाक आता.”

टाकला. शिजेपर्यंत दोघं पातेल्याकडे बघत बसलो. मी वाढलं. तिने एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला. “मीठ कमी आहे,” म्हणाली, आणि पर्समधून मिठाची पुडी काढून टेबलावर ठेवली. मग कोट काढून खुर्चीच्या पाठीला लावला आणि ताट संपवलं. पावाच्या तुकड्याने रससुद्धा पुसून घेतला.

भांडी मी घासली. ती म्हणाली, “उद्या दुपारच्या गाडीने जाते.” मी म्हटलं, “बरं.” दुसरं काय म्हणायला हवं होतं, ते अजून शोधतोय.

रविवार, २७ नोव्हेंबर

सकाळी तिने कपाटातून लोकरीचे कपडे काढले, पलंगावर रचले, आणि बॅगेत एकही न भरता देल्माला भेटायला गेली. रविवारी देल्माचं दुकान बंद असतं, ती मागच्या घरात असते. “परत येऊन भरते,” म्हणाली. धुकं हललेलं नाही.

मी कालचा उरलेला रस गरम केला, पाणी ठेवलं. सांगितलं कोणी नव्हतं. खिळा अजून रिकामा आहे, पलंगावरचे कपडे पलंगावरच आहेत, आणि मी या खोलीतून त्या खोलीत जाऊन दोन्ही परत परत बघतोय.

मघाशी दुपारची गाडी शिट्टी देऊन गेली. मला वाटलं ती परस्पर स्टेशनवर गेली असेल, कपडे नकोच असतील तिला. दारापर्यंत गेलो आणि परत आलो.

तेवढ्यात फोन वाजला. मागे देल्माचं हसणं ऐकू येत होतं, पेल्यांचा आवाज येत होता.

“एर्मेस,” आर्जिया म्हणाली, “पास्ता टाक, निघालेच.”

मी “बरं” म्हटलं आणि फोन ठेवला. पास्ता टाकलेला नाही. खिडकीतून कोपरा दिसत नाही. गॅस बारीक केलाय. कोट घालतो आणि खाली जाऊन त्या हिरव्या दिव्याखाली उभा राहतो.